सिक्कीमचे गुरांस विलायतेच्या बागेत

हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉनची झाडे काचघराबाहेर, थंड प्रदेशातील उघड्या बागेत वाढू शकतात, हे एकोणिसाव्या शतकात ठळकपणे दिसून आले ते सर जोसेफ डाल्टन हुकर यांच्या सिक्कीममधील भ्रमंतीमुळे. ब्रिटनच्या बागांचे रूप पालटून टाकणाऱ्या या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आयुष्याचा हा आलेख.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्गाइल परगणा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉल आणि आयर्लंडमधील विकलो या भागांतील जुन्या हवेल्यांच्या बागा लाल, गुलाबी आणि फिकट पिवळ्या फुलांनी बहरून जातात. दोन-तीन पुरुष उंचीची, तांबूस सालीची आणि रुंद, जाड पानांची ही झाडे तेथील लोकांना आता परकी वाटत नाहीत. त्यांपैकी अनेकांचे मूळ मात्र सिक्कीम आणि पूर्व नेपाळमधील दहा-बारा हजार फूट उंचीच्या जंगलांत आहे. नेपाळी भाषेत या झाडांना गुरांस म्हणतात, उत्तराखंडात बुरांश, तर वनस्पतिशास्त्रात ऱ्होडोडेंड्रॉन. त्यांचे बी तेथून गोळा करून विलायतेला पाठवणारे गृहस्थ म्हणजे जोसेफ डाल्टन हुकर.

हिंदुस्थानातून आलेले झाड म्हणजे उष्ण प्रदेशातील झाड, अशी त्या काळी इंग्रज बागवानांची सर्वसाधारण समजूत होती. ती अगदीच निराधार नव्हती. लाल फुलांचा हिमालयीन ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम हुकर यांच्याआधीच इंग्लंडमध्ये पोहोचला होता आणि १८२५ च्या सुमारास तो तेथे प्रथम फुलला. परंतु त्याची आलेली बहुतेक रोपे कमी उंचीवरील जंगलांतून घेतलेली असल्याने कडक थंडीत ती करपत. त्यामुळे असे झाड पाळायचे तर काचेचे घर, कोळशाची भट्टी आणि पगारी माळी हवेत, असे समीकरण रूढ झाले. हे समीकरण मोडण्याचे श्रेय हुकर यांना जाते. त्यासाठी त्यांनी नवी झाडे तर शोधलीच, पण प्रत्येक झाड किती उंचीवर, कोणत्या तापमानात आणि कशा मातीत उभे आहे, याची काटेकोर नोंद ठेवली.

शेवाळांपासून अंटार्क्टिकापर्यंत

हुकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हेल्सवर्थ या गावी झाला. वडील विल्यम जॅक्सन हुकर हे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८२० मध्ये त्यांची ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि जोसेफ यांचे बालपण त्याच शहरात गेले. घरात वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, देशोदेशींच्या प्रवाशांची पत्रे आणि वडिलांची व्याख्याने असे वातावरण होते. लहानपणीच त्यांना शेवाळांची ओढ लागली. १८३९ मध्ये त्यांनी ग्लासगो विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळवली. वनस्पतिशास्त्रावर पोट भरण्याची सोय त्या काळी फारशी नव्हती. जहाजावरील डॉक्टर होणे हा जग पाहण्याचा आणि वनस्पती गोळा करण्याचा राजमार्ग होता.

त्याच वर्षी कॅप्टन जेम्स क्लार्क रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत इरेबस या जहाजावर साहाय्यक शल्यविशारद म्हणून त्यांची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ होते. पुढील चार वर्षांत त्यांनी दक्षिण ध्रुवाकडील बर्फाचे प्रदेश, केर्गुलेन बेटे, टास्मानिया, न्यूझीलंड आणि फॉकलंड बेटे पाहिली. हजारो मैलांचा समुद्र मध्ये असतानाही दोन भूभागांवर एकाच कुळातील वनस्पती कशा आढळतात, हा प्रश्न त्यांच्या मनात तेथेच रुजला. वनस्पतीचे घर नकाशावरील देशाच्या नावाने ठरत नसून हवा, ओलावा, माती आणि भूतकाळ यांनी ठरते, या विचाराची बीजे या प्रवासात सापडतात.

१८४३ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांची चार्ल्स डार्विन यांच्याशी मैत्री जुळली. सजीवांच्या जाती अचल नाहीत, हा आपला विचार डार्विन यांनी जानेवारी १८४४ मध्ये पत्रातून हुकर यांना सांगितला. तो फार थोड्यांना ठाऊक होता. पुढे ही मैत्री डार्विन यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. दरम्यान १८४१ मध्ये वडील लंडनजवळील क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाचे संचालक झाले होते. नव्या वनस्पतींची भूक असलेले उद्यान आणि प्रवासाची भूक असलेला मुलगा, असा योग जुळून आला. उष्ण कटिबंधाच्या सीमेवर उभे राहून बर्फापर्यंत पोहोचणाऱ्या हिमालयाची निवड हुकर यांनी केली.

दार्जिलिंगचा मुक्काम

नोव्हेंबर १८४७ मध्ये हुकर यांनी इंग्लंड सोडले. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच प्रवासात होते आणि त्यांच्या परिवाराबरोबर प्रवास करण्याची संधी हुकर यांना मिळाली. जानेवारी १८४८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले आणि एप्रिलमध्ये दार्जिलिंगला. दार्जिलिंगचा डोंगर १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सिक्कीमच्या राजाकडून मिळवला होता. नेपाळमधील माजी रेसिडेंट आणि प्राणिशास्त्राचे गाढे अभ्यासक ब्रायन हॉजसन यांच्या घरी हुकर यांचा मुक्काम पडला. दार्जिलिंगचे अधीक्षक डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांचेही साहाय्य त्यांना लाभले. त्यांनी पाहिलेले दार्जिलिंग आजच्यासारखे चहाच्या मळ्यांनी वेढलेले नव्हते. १८४८ च्या वसंतात सिंचल डोंगराच्या उतारांवर पांढरा मॅग्नोलिया इतका फुलला होता, की दुरून बर्फ शिंपडल्याचा भास व्हावा.

पुढे जाण्याची परवानगी मिळणे सोपे नव्हते. सिक्कीमचा दरबार इंग्रजांकडे संशयाने पाहत होता आणि त्या संशयाला कारणही होते. आज वनस्पती गोळा करायला आलेला मनुष्य उद्याच्या फौजेसाठी नकाशा काढून जातो, हे पहाडी राज्यांना ठाऊक होते. हुकर खरोखरच नकाशा काढत होते. नेपाळच्या जंगबहादूर यांनी परवानगी दिल्यावर ऑक्टोबर १८४८ मध्ये ते पूर्व नेपाळकडे निघाले. त्यांच्या ताफ्यात ५६ माणसे होती. त्यांत नेपाळी शिपाई, सामान वाहणारे भुतिया हमाल आणि झाडांवर सराईतपणे चढणारी लेपचा मुले होती. कोणते झाड कोठे सापडेल, कोणत्या लाकडाचे काय करतात, कोणते फळ खाऊ नये, हे ज्ञान या माणसांकडे होते. ऱ्होडोडेंड्रॉन हॉजसनीच्या रुंद पानांचा ताटासारखा उपयोग होतो आणि त्याच्या लाकडाचे पेले व चमचे करतात, ही हुकर यांनी नोंदवलेली माहितीही पहाडी लोकांच्या रोजच्या व्यवहारातून आलेली.

मे १८४९ पासून त्यांनी सिक्कीमचा अंतर्भाग पालथा घातला. लाचेन आणि लाचुंग ही खोरी, युमथांग आणि त्यापलीकडील डोंकिया खिंड त्यांनी गाठली. खिंडीची उंची त्यांनी १८ हजार फुटांहून अधिक मोजली. सोबत वायुभारमापक होता आणि पाणी किती अंशांवर उकळते यावरून उंची काढण्याचे तापमापकही होते. पावसाळ्यात जळवा, भिजलेले टिपकागद आणि कोसळलेल्या दरडी, तर वर बर्फाळ वारा, अशा अवस्थेत हे काम चाले. दहा ते तेरा हजार फुटांच्या पट्ट्यात गुरांसाची झुडपे इतकी दाट माजलेली असत, की त्यांतून वाट काढताना नडग्या सोलून निघत. शरद ऋतूत बोंडे पिकल्यावर बी गोळा करण्यासाठी पुन्हा त्याच उंचीवर चढावे लागे आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ते वेचावे लागे.

या श्रमांतून जे हाती आले ते थक्क करणारे होते. सिक्कीममधील सुमारे पंचवीस नव्या ऱ्होडोडेंड्रॉनांची ओळख हुकर यांनी जगाला करून दिली. सहा-सात हजार फुटांवर उंच वृक्षांच्या फांद्यांवर बांडगुळासारखे वाढणारे, मोठ्या पांढऱ्या फुलांचे झुडूप त्यांनी लेडी डलहौसी यांच्या नावाने ओळखले. दहा हजार फुटांच्या आसपासचे, पानांच्या खालच्या बाजूला तांबूस लव असणारे भव्य झाड ह्यू फाल्कनर यांच्या नावाचे ठरले. त्याहून वर रक्तवर्णी घंटांसारखी फुले येणारे झाड ग्लासगोतील जुने स्नेही थॉमस थॉमसन यांच्या नावाचे झाले. पिवळ्या फुलांचा कॅम्पिलोकार्पम, केशरी नळीदार फुलांचा सिनाबरिनम आणि सतरा हजार फुटांवर जमिनीसरपट वाढणारा नन्हा निवाले हेही त्यांतलेच.

कैद आणि सुटका

नोव्हेंबर १८४९ मध्ये या मोहिमेला वेगळेच वळण लागले. सिक्कीमचे वृद्ध राजे त्सुगफुद नामग्याल यांच्या दरबारात खरी सत्ता दिवाणाच्या हाती होती. हुकर यांच्यासोबत असलेल्या डॉ. कॅम्पबेल यांना दिवाणाच्या माणसांनी ७ नोव्हेंबर रोजी पकडले, मारहाण केली आणि बांधून ठेवले. कंपनीकडून राजकीय मागण्या मान्य करून घेणे हा त्यामागील हेतू होता. हुकर यांच्यावर रोख नव्हता, तरी स्नेह्याला सोडून जाणे त्यांना मान्य झाले नाही. कैदेतही त्यांचे निरीक्षण थांबले नाही आणि मार्गावर दिसणारे गुरांसाचे बीही ते गोळा करत राहिले. डिसेंबरमध्ये दोघांची सुटका झाली आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते दार्जिलिंगला पोहोचले.

या प्रकरणाची किंमत सिक्कीमने मोजली. १८५० मध्ये कंपनीने सिक्कीमचा तराई भाग आणि दार्जिलिंगलगतचा डोंगराळ मुलूख ताब्यात घेतला. दार्जिलिंगच्या मोबदल्यात राजाला मिळणारे वार्षिक वेतनही बंद केले. हुकर यांनी काढलेला सिक्कीमचा नकाशा पुढे इंग्रजांच्या उपयोगी पडला. पुढील दशकांत दार्जिलिंगच्या उतारांवर चहाचे मळे पसरत गेले आणि मॅग्नोलियाची जंगले मागे हटत गेली. विलायतेच्या बागांत सिक्कीमची झाडे रुजत होती, त्याच काळात त्यांच्या मूळ भूमीचा एक तुकडा सिक्कीमच्या हातून गेला. हुकर यांचे चरित्र सांगताना ही बाजू वगळता येत नाही.

काचघरातून उघड्यावर

जिवंत रोपे समुद्रमार्गे पाठवणे त्या काळी बेभरवशाचे होते. बियांचे तसे नव्हते. गुरांसाचे बी अत्यंत बारीक आणि हलके असते. कोरडे ठेवल्यास ते दीर्घ प्रवास सोसते आणि एका बोंडात शेकडो बिया मावतात. हुकर यांनी पाठवलेले बी क्यू येथे पोहोचले आणि तेथून इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमधील उद्यानांना व हौशी जमीनदारांना वाटले गेले. हुकर अद्याप हिमालयातच असताना १८४९ मध्ये वडिलांनी त्यांच्या रेखाटनांवरून आणि टिपणांवरून सिक्कीमच्या ऱ्होडोडेंड्रॉनांवरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. वॉल्टर हूड फिच यांनी शिळाछापासाठी काढलेली त्यातील ३० रंगीत चित्रे पाहून बागप्रेमींमध्ये या झाडांविषयी एकच उत्सुकता निर्माण झाली.

क्यू येथे मात्र या झाडांचे मन रमले नाही. तेथील माती वाळूची आणि पाऊस वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते. गुरांसाची मुळे उथळ, केसांसारखी बारीक असतात. पृष्ठभागाजवळचा ओलावा गेला की झाड सुकते. मातीत चुन्याचा अंश असेल तर पाने पिवळी पडतात, कारण अशा जमिनीतून लोह घेणे त्यांना जमत नाही. उलट पश्चिमेकडील किनाऱ्यांवर पाऊस भरपूर, हवा दमट, माती आम्लधर्मी आणि अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळा सौम्य. सिक्कीमचा अक्षांश सुमारे २७ अंश आणि आर्गाइलचा ५६ अंश असला, तरी उंचीमुळे दोन्हीकडील हवेत साम्य होते. दर शंभर मीटर चढल्यावर तापमान साधारण ०.६ अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे दहा हजार फुटांवरील सिक्कीम हा हिंदुस्थानच्या मैदानापेक्षा स्कॉटलंडच्या किनाऱ्याला अधिक जवळचा ठरतो.

हुकर यांच्या नोंदींचे मोल येथे कळते. सहा-सात हजार फुटांवरील डलहौसी जातीचे झुडूप ब्रिटनमध्ये आजही बहुतेक ठिकाणी काचेखालीच ठेवावे लागते. अगदी सौम्य हवेच्या मोजक्या किनारी बागांतच त्याला बाहेर जागा मिळते. दहा हजारांवरील फाल्कनरी आडोसा मिळाल्यास उघड्यावर उत्तम वाढतो. अकरा-बारा हजारांवरील थॉमसनी आणि कॅम्पिलोकार्पम त्याहून काटक. झाडाची मूळ उंची जितकी अधिक, तितकी त्याची थंडी सोसण्याची ताकद अधिक, हा ढोबळ नियम बागवानांच्या हाती आला. बियाण्याच्या पाकिटावर उंची लिहिण्याची प्रथा आजचे वनस्पती संग्राहक कटाक्षाने पाळतात, ती याच अनुभवातून.

तरीही हे काम कधी सोपे नव्हते. सिक्कीममध्ये हिवाळाभर बर्फाची दुलई झाडांवर असते आणि एकदा वसंत आला की तो माघारी फिरत नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारीतच उबदार दिवस येतात, कळ्या जाग्या होतात आणि मार्चमधील एका रात्रीच्या दहिवराने सारा बहर काळा पडतो. यावर अनुभवी माळ्यांनी उपाय शोधले. सकाळचे ऊन थेट पडणार नाही अशा उतारावर झाड लावायचे, म्हणजे गोठलेली कळी हळूहळू वितळते. थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते, म्हणून दरीच्या तळाशी न लावता मधल्या उतारावर लावायचे. वाऱ्याच्या दिशेला पाइन आणि ओकची भिंत उभी करायची. रोप खोल पुरायचे नाही, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर ठेवायचा आणि तो कधीही खणून काढायचा नाही. कडाक्याच्या थंडीत पाने सुरळीसारखी गुंडाळून खाली लोंबू लागली, तर झाड मेले असे समजायचे नाही. पानांतील पाणी वाचवण्याची ती त्याची रीत आहे.

बी मातीखाली न पुरता ओलसर शेवाळावर नुसते भुरभुरायचे असते. त्यातून आलेले टाचणीच्या टोकाएवढे रोप मोठ्या पानांच्या जातीत फुलावर येण्यास पंधरा-वीस वर्षे घेते. हुकर यांचे बी पेरणाऱ्या कित्येकांनी आपल्या झाडाचे फूल पाहिलेही नसेल. डॉ. कॅम्पबेल यांचे नाव दिलेल्या गुलाबी मॅग्नोलियाची कथा तर अधिकच दीर्घ. बियांपासून वाढवल्यास त्याला फुलायला पंचवीस-तीस वर्षे लागतात. युरोपात तो प्रथम १८८५ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कजवळच्या एका बागेत फुलला. लाचेनच्या काळ्या कड्यांवर चौदा हजार फुटांवर मैलभरावरून चमकताना दिसलेला रिअम नोबिले मात्र विलायतेच्या बागेत फारसा रुळलाच नाही. फिकट, अर्धपारदर्शक पानांचा मनोरा स्वतःभोवती उभारणारी ही वनस्पती जणू आपले काचघर आपणच बांधते, पण तिला लागणारी उंचीवरची हवा सपाटीवर देता येत नाही.

आर्गाइलमधील स्टोनफील्ड, नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील कॅसल केनेडी, कॉर्नवॉलमधील हेलिगन आणि विकलोमधील किलमकुरा या बागांत हुकर यांच्या बियांपासून वाढलेली झाडे रुजली. ५८ अंश अक्षांशाच्या जवळ असलेल्या इन्व्हर्यू येथे ऑसगुड मॅकेन्झी यांनी १८६२ नंतर उघड्या खडकावर वाऱ्याला अडवणारी झाडी उभारून विदेशी वनस्पतींची बाग फुलवली. तीही याच परंपरेतील. पुढे संकराचे युग आले. हिमालयीन ग्रिफिथियानम आणि चीनमधील फॉर्च्युनाय यांच्या संकरातून विसाव्या शतकाच्या प्रारंभी ससेक्समधील लेनर्ड्सली येथे लोडेराय ही सुगंधी जात निर्माण झाली. लहान शहरी बागांतही मावतील असे असंख्य संकर त्यानंतर आले आणि जमीनदारांचा छंद मध्यमवर्गीयांच्या अंगणात पोहोचला.

क्यू उद्यानाचे संचालक

१८५१ मध्ये हुकर इंग्लंडला परतले. डार्विन यांचे गुरू प्रा. हेन्स्लो यांची कन्या फ्रान्सिस हिच्याशी त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. हिमालयातील प्रवासाची त्यांची रोजनिशी १८५४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी डार्विन यांना अर्पण केली. १८५५ मध्ये ते क्यूचे साहाय्यक संचालक झाले आणि वडिलांच्या निधनानंतर १८६५ मध्ये संचालक. १ जुलै १८५८ रोजी डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले, त्यामागे हुकर आणि भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांची खटपट होती. १८६३ मध्ये सहा वर्षांची मुलगी मिनी दगावली. तो घाव त्यांनी आयुष्यभर जपला.

संचालक म्हणून त्यांची वीस वर्षे कष्टाची आणि संघर्षाची गेली. सरकारी बांधकाम खात्याचे आयुक्त ॲक्टन आयर्टन यांनी उद्यानाच्या कारभारात हस्तक्षेप सुरू केला, तेव्हा देशातील आघाडीचे शास्त्रज्ञ हुकर यांच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रकरण संसदेपर्यंत गेले. १८७३ ते १८७८ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. क्यू ही त्या काळी साम्राज्याच्या व्यापाराची प्रयोगशाळाही होती. १८७६ मध्ये ब्राझीलमधून आलेल्या रबराच्या बियांची रोपे येथे तयार झाली आणि सिलोनमार्गे आग्नेय आशियात गेली. वनस्पतींना नवे घर देण्याचे जे शास्त्र बागांत सौंदर्य फुलवत होते, तेच शास्त्र मळेवाल्यांच्या तिजोऱ्याही भरत होते. हुकर यांनी या दोन्ही बाजूंसाठी काम केले.

सह्याद्रीचा तेरडा

भारतीय वाचकांच्या दृष्टीने हुकर यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींचा ग्रंथ. हिमालयापासून मलायापर्यंतच्या हजारो वनस्पतींचे वर्णन त्यात आहे. सह्याद्री आणि कोकणातील वनस्पतींची शास्त्रीय नावे पाहताना अनेकांच्या शेवटी हुकर यांच्या नावाचे संक्षिप्त रूप आढळते, ते या कार्यामुळे. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस जांभळे-गुलाबी गालिचे पसरतात, त्यांतील तेरड्याची एक जात म्हणजे इम्पेशन्स लॉई. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि वनस्पती संग्राहक जॉन सदरलँड लॉ यांच्या नावाने तिचे नामकरण हुकर आणि थॉमसन यांनी केले होते.

१८८५ मध्ये निवृत्त झाल्यावर सनिंगडेल येथील घरी राहत असताना हुकर यांनी या तेरडा कुळाचाच ध्यास घेतला. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपल्याकडे म्हणतात. फूल वाळले की त्याचे नाजूक भाग एकमेकांना चिकटून बसतात आणि ओळख पटणे अवघड होते. नव्वदी ओलांडलेला हा वृद्ध शास्त्रज्ञ ती वाळलेली फुले पाण्यात भिजवून, भिंगाखाली एकेक पाकळी सुटी करून रेखाटत बसे. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. १० डिसेंबर १९११ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये डार्विन यांच्या सान्निध्यात दफनाचा प्रस्ताव त्यांच्या पत्नीने नाकारला आणि क्यू येथील सेंट ॲन चर्चच्या आवारात, वडिलांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

दोन भूमींची ठेव

ऱ्होडोडेंड्रॉन हे नाव ब्रिटनमध्ये आज सर्वांना प्रिय आहे असे नाही. पश्चिमेकडील जंगलांत एका जातीने थैमान घातले असून तिच्या दाट छायेखाली दुसरे काही उगवत नाही. ती उखडण्यासाठी मोठा खर्च करावा लागतो. पण ती हुकर यांनी आणलेली नव्हे. स्पेन-पोर्तुगाल आणि काळ्या समुद्राच्या परिसरातील ऱ्होडोडेंड्रॉन पाँटिकम ही जात अठराव्या शतकातच तेथे आली होती. पुढे नाजूक संकरांची कलमे बांधण्यासाठी खुंट म्हणून तिचा सर्रास वापर झाला. वरचे कलम मेले, खालचा खुंट फुटला आणि रान माजले. सिक्कीमच्या जाती या मानाने मर्यादेत राहिल्या. एकविसाव्या शतकात फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगाने मात्र अनेक जुन्या बागांना ग्रासले आणि हुकर यांच्या काळातील झाडांची काळजी अधिकच वाढली. त्यामुळे जुन्या झाडांपासून कलमे आणि रोपे तयार करून ती वेगवेगळ्या बागांत ठेवण्याकडे आता अधिक लक्ष दिले जाते.

सिक्कीममध्येही चित्र बदलले आहे. हुकर ज्या युमथांग खोऱ्यातून गेले तेथे आता शिंगबा ऱ्होडोडेंड्रॉन अभयारण्य आहे आणि पश्चिम सिक्कीममध्ये बारसे येथे दुसरे. वसंत ऋतूत तेथे जाणाऱ्या पर्यटकांत महाराष्ट्रातील मंडळीही असतात. हुकर यांनी वर्णन केलेला, जांभळट गुच्छांचा ऱ्होडोडेंड्रॉन नायव्हियम हा सिक्कीमचा राज्यवृक्ष आहे. निसर्गात तो अगदी मोजक्या ठिकाणी उरला असला, तरी ब्रिटनच्या थंड, ओलसर बागांत तो उघड्यावर, बिनतक्रार फुलतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी गारठलेल्या बोटांनी वेचलेल्या बियांमुळे या झाडांची एक राखीव ठेव सातासमुद्रापार तयार झाली. मूळ ठेव सिक्कीमच्या डोंगरांतच आहे. ती टिकली तरच या झाडांची पूर्ण विविधता टिकेल, कारण बागेत पोहोचले ते मूठभर बी होते आणि डोंगरावर अजूनही सारे जंगल उभे आहे.